पहिली चौकट

“जोडी बांधून टाका म्हणे. सपातांना नाडी कुठे असते, बांधायला?”

सोलांज हे कुणाला उद्देशून बोलली नव्हती. चष्मा कपाळावर चढवून, बोटभर लांबीची कापडी पट्टी नाकाला टेकेल इतकी जवळ धरून ती वाचत होती आणि वाचता वाचता कुरकुरत होती. सून शेजारीच बसली होती म्हणून तिला ऐकू गेलं. सकाळपासून दोघींचे खांदे एकमेकींना लागून होते.

“ते बुटांसाठी लिहिलंय, सोलांज,” नादेज म्हणाली. “सपाता त्यातच धरल्यात.”

“धरल्यात. विचारलं होतं का सपातांना?”

लग्नाला एकतीस वर्षं होऊनही नादेज सासूला नावाने हाक मारी आणि ‘तुम्ही’ म्हणे. सोलांज तिला ‘तू’ म्हणे, आणि हाक मारायची वेळ शक्यतो येऊ देत नसे. एवढ्या अंतरावरून दोघींचं बरं चाललं होतं.

पट्टी नवी होती, गेल्या नाताळाच्या आधी छापून आलेली. वर बाण आणि माणूस असं सरकारी चित्र. खाली दोन ओळी, की झिजल्यावर घरच्या कचऱ्यात टाकू नका, जोडी बांधून कपडे-बुटांच्या पेटीत टाका. त्याखाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा कोड. फोन धरला की पान उघडतं आणि सपातेची सगळी जन्मकथा वाचायला मिळते. हा फेकाफेक कमी करण्याचा कायदा मोठ्या दुकानांना होता, रासातोंसारख्या, म्हणजे सोलांजच्या घरच्या, अकरा माणसांच्या कारखान्याला नव्हता. पण मोठ्या दुकानाने लिहिलं होतं, आमच्या फळीवर यायचं तर कोड हवा, आणि कोडमागच्या पानावर प्रत्येक गोष्ट खरी हवी.

त्याच दुकानातून गुरुवारी तीनशे बारा जोड परत आले. एकाही जोडाला पट्टी नाही, असं चिठ्ठीत होतं. तिएरीने, सोलांजच्या थोरल्याने आणि नादेजच्या नवऱ्याने, आधी पट्ट्या छापणाऱ्याला फोनवर झापलं, मग गाडीवाल्याला. मग धाकट्या रेजिसने न बोलता एका सपातेच्या टाचेचे चार टाके उसवले. अस्तर आणि दाबलेल्या लोकरीचा नमदा यांच्यामधून पट्टी बाहेर आली. स्वच्छ, इस्त्री केल्यासारखी.

आमच्या खोऱ्यात सपात उलटी शिवतात. वरचा भाग उलटा धरायचा, दाबलेल्या लोकरीचा तळ त्याला जोडायचा, आणि सगळं झाल्यावर मोज्यासारखी सपात उलटवायची म्हणजे शिवण आत जाते आणि चालताना लाकडी जमिनीवर आवाज होत नाही. त्यामुळे जे बाहेर दिसायला हवं ते शिवताना आत ठेवायचं असतं, आणि बाहेर ठेवलं तर ते कायमचं आत जातं. नवी मुलगी पहिल्या दिवशी हमखास ही चूक करते. दुसऱ्या दिवशी करत नाही. सोलांज सतराव्या वर्षी या टेबलाशी बसली होती आणि आता अठ्ठ्याहत्तरची होती. पट्ट्या तिच्याच टेबलावरून जात.

हे गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. बोललं कुणीच नाही. गावात म्हणतात, रासातोंच्या घरात सपाताच काय, माणसंही पाय वाजवत नाहीत.

नव्या पट्ट्या यायला पंधरा दिवस, आणि माल मंगळवारी जायला हवा. म्हणून आज शनिवार असून घरचे सगळे आले होते. टाच उसवायची, चिमट्याने पट्टी काढायची, सरळ करून पुन्हा टाचायची. लेक गिस्लेनसुद्धा पोआतिएहून सकाळच्या गाडीने आली होती. ती इस्पितळात नर्स होती आणि टाके काढायची तिला सवय होती, असं ती स्वतःच हसत म्हणाली. कुणी हसलं नाही. तिच्या पिशवीतून एका निळ्या फायलीचं टोक बाहेर आलेलं नादेजने पाहिलं, आणि काल तिएरी अंगणात जाऊन एवढा वेळ कुणाशी बोलत होता तेही तिला उमजलं.

नादेजच्या मनात मात्र दुसरंच होतं. कोडमागचं ते पान तिने भरलं होतं. कायद्याने चपलांना आणि बुटांना तीन चौकटी दिल्या होत्या. शिवण कुठल्या देशात, जोडणी कुठल्या देशात, शेवटचा हात कुठल्या देशात. खालच्या दोन तिने झटक्यात भरल्या. पहिली दोन दिवस रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी तिएरी तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला होता, “भर की. फ्रान्स. सपात म्हणजे जोडणी, नादेज. बाकी कापड.” तिने भरलं. पुढे विचारलं होतं, वापरून टाकलेला माल किती टक्के. तिथे तिने शून्य लिहिलं आणि तिला नवऱ्याच्या पणजोबांची आठवण झाली. त्या आन्सेल्म रासातोने पहिली सपात केली तीच नदीकाठच्या कागद-गिरण्यांनी फेकलेल्या नमद्याची, वर सैन्याच्या कोटांची कातरण. त्याने शंभर लिहिलं असतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आणि एक पट्टी कमी भरत होती. नोव्हेंबरात तिने दोनदा मोजलं. तीनशे तेरा छापून आल्या होत्या, एक जास्तीची. ती कुठे गेली?

“ही बघ,” सोलांज पुन्हा पट्टीशी बोलली, “एवढीशी, आणि किती बोलते.”

* * *

रेजिस खिडकीशी उभा राहून सपाता उलटवत होता. हे त्याचं काम. चौतीस वर्षांत त्याचा उजवा अंगठा त्या कामाने वाकडा झाला होता. आज सगळं उलट करायचं होतं: उलटवलेली पुन्हा उलटी करायची, टाचेपर्यंतच, म्हणजे बायकांना टाके दिसतील.

त्याला नोव्हेंबरातच कळलं होतं. अकराव्या जोडाला. सपात उलटवली, टाचेवर अंगठा फिरवला, आणि अंगठ्याला पट्टी लागली नाही. त्याने आईकडे पाहिलं. आईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, नीट, सरळ, आणि पुढची पट्टी उचलली. त्याने बारावा जोड उलटवला. मग सगळे.

का बोलला नाहीस, असं तिएरीने गुरुवारी विचारलं तेव्हा तो म्हणाला, लक्ष गेलं नाही. चौतीस वर्षं उलटवणाऱ्या माणसाचं लक्ष गेलं नाही हे तिएरीने मान्य केलं, कारण खरं उत्तर त्यालाही नको होतं. रेजिसला वाटलं होतं, आईचं डोकं आता सटकतंय. बोललो तर तिची खुर्ची जाईल, आणि खुर्ची गेली तर ती चार महिनेही काढणार नाही. हे एक. दुसरं असं, की महिन्याच्या पहिल्या बुधवारी शिवलेल्या वरच्या भागांचे खोके येत, तेव्हा आई यायच्या आत त्या खोक्यांवरचे कागद फाडून टाकण्याचं काम त्याचं होतं. सहा वर्षं तो ते करत होता. लपवणाऱ्याने दुसऱ्याचं लपवलेलं कुठल्या तोंडाने बाहेर काढायचं?

“रेजिस,” आईने हाक मारली, “अंगठा दुखतोय का?”

“नाही.”

“मग थांबलास का?”

* * *

दुपारी शेगडीवरचा पांढऱ्या घेवड्याचा टोप उतरला, पाव आणि ग्रियोंची बरणी आली. ग्रियों म्हणजे डुकराचं मांस चरबीत तासन्‌तास शिजवलेलं, पावाला लावून खायचं. सोलांज ते अजून स्वतःच करी. ती टेबलाच्या टोकाला बसली आणि सगळ्यांना वाढू लागली. गिस्लेनला दोनदा वाढलं.

“आई, मला वाढलंस तू.”

“ठाऊक आहे. वाळलीस म्हणून वाढलं.”

गिस्लेनने तिएरीकडे पाहिलं. तिएरीने रेजिसला डोळ्याने खूण केली आणि दोघे भाऊ कप घेऊन अंगणात गेले. नदीच्या कडेला गवतावर अजून दहिवर होतं.

गिस्लेनने आंगुलेमला वेळ घेतलीय, तिएरीने सांगितलं. बुधवारी. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे. त्याआधी ती आज घरीच थोडे प्रश्न विचारून पाहणार आहे, म्हणजे त्यांना नेऊन दाखवता येईल. आणि सोमवारपासून पट्ट्यांच्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसेल. आईला सांगायचं, थंडी आहे, घरातच बस.

“खुर्ची कुठे ठेवणार?” रेजिसने विचारलं.

“कुठली खुर्ची?”

“तिची.”

तिएरीने कप तोंडाला लावला.

“तिने मुद्दाम केलं असेल तर?” रेजिस म्हणाला.

“मुद्दाम कशाला करेल कुणी?”

रेजिस नदीकडे बघत राहिला. तो आणखी एक शब्द बोलला तर आपल्याला ऐकावं लागेल, हे तिएरीला कळत होतं. तिएरी कप झटकून आत वळला. पण दाराशी येताना त्याला वरच्या मजल्याची ती खिडकी दिसली, आणि पाय थांबला.

त्या खोलीत त्याचे वडील फेर्नां आठ महिने पडून होते. त्याच वसंतात चार शिवणाऱ्या बायका एकामागून एक निवृत्त झाल्या. जाहिरात तीन महिने काचेवर होती; उन्हाने अक्षरं उडाली, कुणी आलं नाही. शेवटी तिएरीने समुद्रापलीकडे एक कारखाना शोधला. चांगला होता, त्याने स्वतः जाऊन पाहिला होता. पण वडील वरून रोज विचारत, यंत्रं चालू आहेत ना? मग तिएरी रोज सकाळी एका यंत्रापाशी बसे आणि दोरा न ओवता तासभर ते चालवे. दार उघडं ठेवून. कापड नाही, दोरा नाही, सुई नुसती वर-खाली. वडील त्या आवाजावर झोपत. वडील गेले, आवाज थांबला, आणि आईला जे सांगितलं होतं, की शिवण आता फ्रान्समधल्याच शोले गावाच्या बाजूला कुणीतरी करून देतं, ते तसंच राहिलं. मरणाऱ्या माणसासाठी बोललेलं खोटं जिवंत माणसासमोर मोडायचं कधी, याला त्याला मुहूर्त सापडला नव्हता. मग चौकट आली.

नादेजला ठाऊक होतं. रेजिसला ठाऊक होतं. गिस्लेनला नादेजने एका लग्नात सांगितलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आईलाच तेवढं ठाऊक नाही.

* * *

गिस्लेनने फाईल उघडली ती तीनच्या सुमारास, पट्ट्या अर्ध्याहून जास्त झाल्या तेव्हा. तिने ठरवलं होतं, सहज बोलता बोलता विचारायचं. इस्पितळात ती हे प्रश्न लोकांच्या आयांना विचारत असे आणि तिचा आवाज कधी हलत नसे. आता कागद मांडीवर घेतल्यावर तिने तो दोनदा सरळ केला.

“आई, एक गंमत करू या. मी विचारते, तू सांग.”

सोलांजने चिमट्यातली पट्टी सोडली नाही. “गमतीला कागद कशाला लागतो?”

“लागतो. आज वार कोणता?”

“शुक्रवार.”

कुणाचे हात थांबले नाहीत, पण सगळे ऐकत होते. गिस्लेनने कागदावर काहीतरी केलं. नादेजला त्या पेनचा आवाज नको झाला.

“महिना?”

“मटारचं बी काढून ठेवायचा.”

“नाव सांग ना.”

“तुला आईने शेताची एवढी खूण सांगितली, तरी नाव लागतं?” तिएरी हसायचा प्रयत्न करत म्हणाला. त्याला बहिणीने थांबावं असं एकाएकी वाटू लागलं होतं. पण थांब म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि वेळ घ्यायला त्यानेच सांगितलं होतं.

गिस्लेन पुढच्या ओळीवर गेली. ती ओळ तिने शेकडो वेळा वाचली होती. आज ती वाचताना तिला कळलं की ही आपण वाचायला नको होती.

“आई, आपण कुठल्या देशात आहोत?”

सोलांजने चिमटा खाली ठेवला. समोरची सपात उचलली, उजव्या पायाची, तपकिरी चौकड्यांची, आणि अंगठ्याने टाच दाबून ती सबंध उलटी केली. रेजिसला लागला असता त्याच्या अर्ध्या वेळात. अस्तर बाहेर आलं, शिवणी उघड्या पडल्या.

“ही बाई,” ती म्हणाली, “रांग संपली की दोन टाके मागे येते. आम्ही तीन यायचो. मला आधी राग आला. मग बघितलं, दोनातही सुटत नाही. हात पक्का आहे तिचा. काठाची पट्टी ती डावीकडून सुरू करते. बहुतेक डावखुरी आहे. आपल्याकडे आंद्रेआ होती डावखुरी, तसंच. गेल्या मार्चमध्ये महिनाभर ही नव्हती. दुसरं कुणीतरी शिवत होतं, काठ ओढला जायचा. आजारी असेल, नाहीतर बाळंत. एप्रिलात परत आली. मला बरं वाटलं.”

“आई,” तिएरी म्हणाला.

“सहा वर्षं मी तिच्या शिवणीवर हात फिरवतेय. तुमच्यापेक्षा जास्त भेट होते आमची.”

तिने एप्रनच्या खिशात हात घातला. बाहेर आलं ते दोन बोटांएवढं कागदाचं चिटोरं, घडीवर मळलेलं. तिने ते टेबलावर सपाट केलं आणि रेजिसकडे सरकवलं. “खोक्यांवरचे तू फाडतोस. गठ्ठ्यांच्या आतही असतात, बाळा. एक राहिला होता.”

रेजिसने तो हातात घेतला नाही. नादेजने घेतला. पेन्सिलने नगांचा आकडा, चोवीस, लिहिला होता, आणि एक नाव. खाली कारखान्याचा शिक्का, गावाचं नाव, देशाचं नाव.

“एम्ना,” नादेजने वाचलं. ते नाव त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि तिला उगाच वाटलं की कुणीतरी दाराशी येऊन उभं आहे.

“पट्टी आली तेव्हा मी एक पर्समध्ये घालून पावाच्या दुकानात नेली,” सोलांज म्हणाली. “दुकानवाल्या मादाम व्हिन्योने फोन धरला. वाचून दाखवलं तिने, मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. तीनदा फ्रान्स. लोकांनी माझं अभिनंदन केलं. म्हणाले, अजून तुम्हीच शिवता, सोलांज, कमाल आहे. मी पाव घेतला आणि घरी आले.”

नादेजने मान खाली घातली. ते तीन शब्द तिच्या बोटांनी लिहिले होते.

“म्हणजे तू चुकली नाहीस,” रेजिस हळू म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि त्या सुटकेची त्याला लाज वाटली.

“वार चुकला असेल माझा. गिस्लेनच्या तोंडावरून दिसतंय, चुकलाय. ग्रियोंत मीठ दोनदा पडतं हल्ली, तुम्ही खाता आणि बोलत नाही. मला कळतं. पण पट्टी चुकली नाही. जे खरं नाही ते मी आयुष्यात बाहेरच्या अंगाला लावलं नाही. आतच ठेवलं. तुमच्या बापासाठी तू यंत्र रिकामं चालवायचास तेव्हाही मी खाली येऊन दार लावलं नाही, तिएरी. बिनदोऱ्याच्या यंत्राचा आवाज मला कळत नाही असं वाटलं तुला?”

तिएरी स्टुलावर बसला. त्याच्या हातात उसवलेली सपात होती आणि तो ती दोन्ही हातांनी धरून होता, जणू ती खाली पडली तर आवाज होईल.

तो म्हणाला, दुकान करार मोडेल. तो म्हणाला, अकरा माणसं आहेत. तो म्हणाला, पाहू, नंतर दुरुस्त करू, हा माल जाऊ दे. यातलं काही खोटं नव्हतं. सोलांजने सगळं ऐकून घेतलं. मग तिने उलटी केलेली सपात पुन्हा सुलटी केली, हाताने दाबून तिचा आकार बसवला, आणि लेकीकडे वळली.

“तू देश विचारलास ना? तुझ्या कागदावर किती चौकटी आहेत?”

“एकच आहे, आई.”

“नादेजच्या पानावर तीन आहेत. तीन सांगते. लिही.” तिने आपला हात टेबलावर सपाट ठेवला. “जोडणी, फ्रान्स. शेवटचा हात, फ्रान्स, आणि तो हात आता म्हातारा झालाय, तेही लिही, डॉक्टरला दाखव, मी येईन बुधवारी. आणि पहिली चौकट.” थोरल्याकडे तिने पाहिलं, जसं लहानपणी ताप आहे का ते बघायला पाहत असे. “शिवण ट्युनिशियाची आहे, तिएरी. आपण सहा वर्षं शिवलेलं नाही.”